मेंदूच्या अभ्यासात पदार्थविज्ञानी : एका कार्याचे परीक्षण

परीक्षण म्हणजे कादंबरीचे, नाटकाचे, काव्यसंग्रहाचे, फार तर एखाद्या चरित्रग्रंथाचे, ही समजूत आपल्या मासिकांत इतकी रुळली आहे की, शास्त्रीय निबंधांचे परीक्षण असे शब्द एकत्र आलेले पाहून वाचकांस ते काहीसे चमत्कारिक वाटावे. शास्त्रज्ञाविषयी आपण लिहितो ते बहुधा दोनच प्रसंगी : त्यास एखादे मोठे पारितोषिक मिळाले म्हणजे, किंवा तो दिवंगत झाला म्हणजे. पहिल्या प्रसंगी अभिनंदन होते, दुसऱ्या प्रसंगी शोक होतो. आणि त्याने लिहिले काय, त्यात नवे किती, पटण्याजोगे किती, अपुरे कोठे, हा विचार दोन्ही प्रसंगी बाजूस राहतो. गवयाचे गाणे न ऐकता त्याच्या बिदागीची चर्चा करावी, तशातलाच हा प्रकार होय. ही रीत सोडून पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेतून, म्हणजे लोक जिला 'आयसर' म्हणतात त्या संस्थेतून, ज्यांचे संशोधन प्रसिद्ध झाले आहे त्या डॉ. सुहिता नाडकर्णी यांच्या काही निबंधांचा विचार आम्ही येथे करणार आहो. त्यांची पदवी पदार्थविज्ञानाची; अमेरिकेतील ओहायो विद्यापीठात पीटर युंग या पदार्थविज्ञान्याच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी ती संपादन केली. संशोधनाचा विषय मात्र मेंदू. या दोहोंचा सांधा कसा जुळला, आणि जुळला तो कितपत पक्का, हे पाहणे हाच या लेखाचा हेतू.

रिसोडसारख्या तालुक्याच्या गावी बसून असल्या निबंधांवर लिहिण्याचा अधिकार कोणता, असे कोणी विचारील. पूर्वी हा आक्षेप बिनतोड ठरला असता. कारण असे निबंध वाचावयाचे तर विद्यापीठाच्या ग्रंथालयाची पायरी चढावी लागे, आणि वाशीम जिल्ह्यातील सामान्य वाचकास ते सहसा साधत नसे. आता परिस्थिती पालटली आहे. ज्या नियतकालिकांतून डॉ. नाडकर्णी यांचे कित्येक निबंध आले आहेत, ती कोणाही वाचकास विनामूल्य वाचावयास खुली आहेत. निबंध घरी येतो. उरतो तो वाचण्याचा धीर. गणिताची सर्व समीकरणे आम्हांस सोडविता येतात, असा आमचा दावा नाही. परंतु प्रश्न कोणता घेतला, काय गृहीत धरले, काय वगळले आणि शेवटी हाती काय आले, एवढे तपासण्यास समीकरणे सोडवावी लागत नाहीत. सावध वाचन पुरते.

प्रथम पदार्थविज्ञानी मेंदूच्या दारी येतो तो काय घेऊन येतो, हे पाहू. त्याजपाशी उपकरणे असतात, गणित असते. पण त्याची खरी विद्या वगळण्याची आहे. पडणाऱ्या दगडाचा विचार करिताना तो दगडाचा रंग सोडून देतो, आकार सोडून देतो, प्रथम हवाही सोडून देतो. आणि जे उरते त्यातून नियम काढतो. जीवशास्त्रज्ञाचे शिक्षण याच्या नेमके उलट. त्याच्या शास्त्रात कोणता बारकावा प्राणघातक ठरेल याचा नेम नसल्यामुळे काहीही सोडावयास त्याचा हात धजत नाही. तेव्हा मेंदूकडे वळलेल्या पदार्थविज्ञान्याच्या कार्याची खरी कसोटी हीच की, त्याने काय सोडले, ते कोणत्या आधारावर सोडले, आणि सोडलेले परत घेण्याची वेळ आली तेव्हा ते परत घेतले की नाही.

या कसोटीचा इतिहास जुना आहे. १८४७ साली शक्तीच्या अविनाशित्वाचा सिद्धांत मांडणाऱ्या हेल्महोल्ट्झनेच १८५० साली बेडकाच्या मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो हे मोजले. हा वेग मोजता येण्यापलीकडचा आहे, असे त्याच्या गुरूंचे, योहानेस म्यूलर यांचे, मत होते. तो निघाला सेकंदास तीसएक मीटर, म्हणजे वेगात धावणाऱ्या आगगाडीएवढाच. पुढे १९५२ साली हॉजकिन व हक्स्ली या इंग्रज शास्त्रज्ञांनी माखुल नावाच्या सागरी प्राण्याच्या जाड मज्जातंतूवर प्रयोग करून, सोडियम व पोटॅशियम यांचे कण तंतूच्या आवरणातून कसे आतबाहेर जातात याची समीकरणे मांडली. ती सोडविण्याचे काम हक्स्ली यांनी हाताने फिरवावयाच्या गणनयंत्रावर केले. त्या कणांना वाट देणारी दारे आवरणात असली पाहिजेत, असे समीकरणांवरून सूचित होत होते. पण तसे एक दार कोणी पाहिले नव्हते. १९७६ साली नेहर व साकमान यांनी एकेका दारातून जाणारा प्रवाह प्रत्यक्ष मोजून दाखविला. यांपैकी नेहर यांचे आरंभीचे शिक्षणही पदार्थविज्ञानाचेच. गणिताने आधी बोलावे आणि प्रयोगाने मागाहून साक्ष द्यावी, याचे याहून सुंदर उदाहरण या शास्त्रात आम्हांस ठाऊक नाही.

दुसरे उदाहरण अधिक धाडसाचे. १९८२ साली जॉन हॉपफील्ड या पदार्थविज्ञान्याने स्मृतीविषयी एक निबंध लिहिला. त्याने मज्जापेशीचे जवळजवळ सर्व काही वगळले. पेशी एक तर चालू किंवा बंद, एवढेच ठेवले. आणि लोहचुंबकातल्या कणांप्रमाणे अशा पेशी एकमेकींवर परिणाम करू लागल्या म्हणजे अर्धवट आठवणीवरून संपूर्ण आठवण उभी राहू शकते, हे दाखविले. अशा शंभर पेशींच्या जाळ्यात सुमारे पंधरा आठवणी साठतात, हाही हिशेब त्याने दिला. निबंध देखणा खरा. परंतु एका पेशीचा दुसरीवर जेवढा प्रभाव, तेवढाच दुसरीचा पहिलीवर, असे त्यात गृहीत आहे, आणि खऱ्या मेंदूत तसे नसते. २०२४ साली हॉपफील्ड यांस जेफ्री हिंटन यांच्यासह पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते यंत्रांना शिकविण्याच्या विद्येचा पाया घातल्याबद्दल. वगळण्याच्या कलेचे हे परमोच्च यश होय. पण हे यश यंत्रांच्या बाजूचे आहे. खऱ्या मेंदूचे कोडे त्यामुळे सुटले, असे म्हणता येत नाही.

ही पार्श्वभूमी ध्यानी घेतली म्हणजे डॉ. नाडकर्णी यांच्या कार्याचे वैशिष्ट्य चटकन् लक्षात येते. हॉपफील्डने ज्या गोष्टी सोडल्या, त्यांतल्याच काही त्यांनी एकेक करून परत घेतल्या आहेत. आणि परत घेताना पदार्थविज्ञानाची शिस्त मात्र सोडलेली नाही. योगायोग असा की, त्यांच्या पुढील निबंधांचे सहलेखक टेरेन्स सेज्नोव्स्की हे हॉपफील्ड यांचेच शिष्य. त्यांची १९७८ ची प्रिन्स्टनची पदवीही पदार्थविज्ञानाची. घराणे एकच, पण गायकी बदलली, असे संगीताच्या भाषेत म्हणता येईल.

पहिला निबंध २००३ सालचा, युंग यांच्यासह लिहिलेला, 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स' या पदार्थविज्ञानाच्या मान्यवर नियतकालिकात प्रसिद्ध झालेला. विषय अपस्माराचा, ज्यास आपण फेफरे म्हणतो. मेंदूत मज्जापेशींच्या जोडीला ताऱ्याच्या आकाराच्या दुसऱ्या पेशी असतात. त्यांच्या वर्गाचे नावच मुळी 'गोंद' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडले आहे. मज्जापेशी जागच्या जागी चिकटवून ठेवणे एवढेच त्यांचे काम, असे पुष्कळ काळ मानले जाई. १९९० च्या सुमारास असे दिसू लागले की, या तारकापेशी मज्जापेशींचे रासायनिक संदेश ऐकतात, आणि त्यांच्यात कॅल्शियमची भरती येते. या निबंधात मज्जापेशी एकटी न घेता तिच्या तारकापेशीसह घेतली आहे. मज्जापेशी बोलते, तारकापेशी ऐकते, आणि ऐकून पुन्हा मज्जापेशीला चेतविते. असे हे वर्तुळ. अपस्माराने ग्रासलेल्या मेंदूच्या भागात तारकापेशींवरचे संदेश टिपणारे ग्राहक वाढलेले आढळतात. गणितात ही वाढ एका मर्यादेपलीकडे नेली असता ही जोडी बाहेरच्या चिथावणीवाचून आपोआप धडधडू लागते, असे निष्पन्न झाले.

या निबंधातील दोन गोष्टी आम्हांस विशेष वाटतात. एक म्हणजे त्यातील नाव. स्फटिकातून जाणारा इलेक्ट्रॉन आपल्या भोवतालास थोडे ओढीत नेतो. तेव्हा इलेक्ट्रॉन आणि त्याचा भोवताल मिळून एकच वस्तू समजावी, अशी पदार्थविज्ञान्यांची रीत आहे, आणि त्या वस्तूस ते 'वस्त्रे ल्यालेला' असे विशेषण लावतात. तेच विशेषण येथे मज्जापेशीस लाविले आहे. ही शब्दांची उसनवारी नाही. माणसाचे वागणे त्याच्या घरादारासकट पाहावे, ही जी दृष्टी पदार्थविज्ञानात कमावली, तीच येथे उपयोगी पडली आहे. दुसरी गोष्ट म्हणजे शीर्षकाच्या अखेरचे प्रश्नचिन्ह. अपस्माराची ही एक नवी उपपत्ती असेल काय, असे शीर्षक विचारते. आहे, असे म्हणत नाही. गणित जेथवर नेते तेथवरच जाऊन थांबण्याचा हा संयम अलीकडच्या शास्त्रीय लिखाणात सर्वत्र आढळतो असे नाही.

दुसरा निबंध २०१२ सालचा; आमच्या मते तोच या साऱ्या कार्याचा मेरुमणी. सहलेखक बार्टोल, स्टीव्हन्स, सेज्नोव्स्की आणि पदार्थविज्ञानी हर्बर्ट लिव्हाइन. मेंदूचा जो भाग नव्या आठवणी घडविण्यास आवश्यक समजला जातो, त्यास हिप्पोकॅम्पस म्हणतात. तेथे एका मज्जापेशीचे टोक दुसरीला जवळजवळ टेकते. मध्ये अतिसूक्ष्म फट असते. विजेचा ठोका टोकाशी आला म्हणजे तेथील दारे उघडून कॅल्शियम आत शिरते, आणि त्याच्या प्रभावाने रसायनाने भरलेली एखादी इवली पिशवी फुटून संदेश पलीकडे पोहोचतो. नवलाची गोष्ट ही की, हिप्पोकॅम्पसमधील ज्या सांध्याचा हा निबंध आहे, तेथे पुष्कळदा ठोका येतो आणि काहीच घडत नाही. पण त्याच्या मागोमाग दुसरा ठोका आला तर घडण्याचा संभव वाढतो. सांध्यास मागच्या ठोक्याची क्षणभर आठवण राहते, असेच म्हणावयाचे.

आता दारे या पिशव्यांपासून किती अंतरावर आहेत, यावर सारे अवलंबून. पण हे अंतर थेट मोजणे दुर्घट; आणि निरनिराळ्या अंदाजांत शंभरपट तफावत. येथे लेखकांनी उलट्या बाजूने वाट काढली. संगणकात पेशीचे टोक उभारावे, त्यात कॅल्शियमचा एकेक कण सोडावा, त्याचे प्रत्येक पाऊल फाशांच्या दानाप्रमाणे यदृच्छेवर सोपवावे, आणि कोणत्या रचनेतून प्रयोगात दिसलेले सर्व आकडे एकदम जुळतात ते शोधावे. ही फाशांची रीतही मूळची पदार्थविज्ञान्यांचीच. १९४० नंतरच्या दशकात अणूतील न्यूट्रॉनांच्या हिशेबासाठी ती निघाली. उत्तर आले ते असे : अशा सांध्यात सुमारे ७० दारे, आणि ती संदेश सुटण्याच्या जागेपासून ३०० नॅनोमीटर दूर. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लक्षांवा भाग. तेव्हा हे अंतर आपल्या हिशेबी शून्यच. पण पेशीच्या मोजमापाने ते मोठे आहे, आणि हिप्पोकॅम्पसमधल्याच दुसऱ्या सांध्यांत दारे याहून पुष्कळ जवळ आढळली होती. निकाल अनपेक्षित आहे, हे लेखकांनीच नमूद केले आहे.

मग निसर्गाने दारे एवढी दूर का ठेविली? निबंधाचे उत्तर असे की, या सांध्याचे कामच तसे आहे. दारे जवळ असती तर पहिल्याच ठोक्यास पिशवी फुटून जाती, आणि दुसऱ्या ठोक्याने वाढविण्यास काही उरते ना. आपल्याकडे मळ्यास पाणी देणाऱ्या माणसास हे समजावून सांगण्याची गरज नाही. कोरड्या पाटात सोडलेले पहिले पाणी पाटच पिऊन टाकतो. मागोमाग सोडलेले पाणी मात्र वाफ्यापर्यंत जाते. वाफा दूर आहे म्हणूनच पहिल्या पाण्याची ओल दुसऱ्या पाण्याच्या कामी येते. रचनेतील जे वैगुण्य वाटत होते त्यातच तिचे प्रयोजन सापडावे, हा बौद्धिक आनंद उत्तम कथेच्या शेवटी होणाऱ्या आनंदाच्या जातीचा आहे.

तथापि परीक्षकाने आनंदापाशी थांबून भागत नाही. या निबंधाविषयी आमचे दोन आक्षेप आहेत. उपलब्ध प्रयोगांवरून सांध्याची रचना एकमेव ठरते, असे त्यात प्रतिपादन आहे. आता २०२१ साली निशांत सिंग, बार्टोल, लिव्हाइन आणि सेज्नोव्स्की यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या निबंधात डॉ. नाडकर्णी यांनीच पेशीच्या आतील कॅल्शियमच्या कोठाराकडे लक्ष वेधले आहे. उंदराच्या जातीतील प्राण्याच्या मेंदूवरून घेतलेल्या आकृतींत हा हिशेब केला असता असे दिसते की, बाहेरून दारांवाटे येणारे कॅल्शियम पुरेसे नाही. आतले कोठारही या क्षणिक आठवणीस आवश्यक आहे, आणि ते बंद केले तर दुसऱ्या ठोक्याची वाढ घटते. स्मृतिभ्रंशाच्या अल्झायमर विकारासाठी ज्या प्राण्यांवर प्रयोग होतात, त्यांतही अशीच घट पूर्वी दिसली होती. निष्कर्ष मोलाचा आहे, यात शंका नाही. पण दुसरे कोठार मान्य केल्यावर पूर्वीच्या ७० आणि ३०० या आकड्यांचा 'एकमेव'पणा कितपत टिकतो, हे वाचकाने विचारणे रास्त होय. दुसरा आक्षेप असा की, हे आकडे नमुनेदार सांध्याचे आहेत. मेंदूतले सांधे एका साच्यातून काढलेल्या विटा नव्हेत. ते लहानमोठे, नवेजुने असतात. सरासरी सांध्याचे चित्र आणि प्रत्येक सांध्याचे चित्र यांत अंतर राहणारच.

परंतु हे आक्षेप घेता येतात, हाच या कार्याचा मोठा गुण आहे, हेही आम्ही त्याच श्वासात सांगू. मेंदूविषयी आज मोठमोठी विधाने ऐकू येतात. यंत्रे विचार करू लागली, तेव्हा विचार म्हणजे काय ते समजलेच, असे सुशिक्षित माणसेही बोलू लागली आहेत. असल्या विधानांना खोटे पाडण्याची सोयच नसते. म्हणून ती कधी खरीही ठरत नाहीत. 'दारे सुमारे ७०, अंतर ३०० नॅनोमीटर' या विधानाची जात निराळी. उद्या सूक्ष्मदर्शक अधिक समर्थ झाला, आणि अंतर भलतेच निघाले, तर ते चूक ठरेल. बरोबर निघाले तर हॉजकिन व हक्स्ली यांच्या दारांप्रमाणे गणिताचे म्हणणे प्रयोगाने सिद्ध केले असे होईल. चूक ठरण्याची जोखीम जे पत्करते तेच शास्त्र. आणि २०१२ च्या चित्रात २०२१ साली स्वतःच भर घालणे, हे सोडलेले परत घेण्याचे धैर्य होय. आमच्या कसोटीस हे कार्य उतरते ते येथे.

एक उणीव मात्र आम्ही लेखिकेच्या नव्हे, विषयाच्या खाती मांडतो. एका सांध्यातले कॅल्शियम मोजणे आणि मुलास पाढे कसे पाठ होतात हे सांगणे, यांमध्ये फार मोठी दरी आहे. या निबंधांत ती ओलांडल्याचा आव आणलेला नाही. पण ती आहे, हे वाचकाने विसरू नये.

आता शेवटचा विचार, जो प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाच्या घरचा आहे. आपल्याकडे दहावीचा निकाल लागला की कित्येक घरी एकच प्रश्न उभा राहतो : गणित सोडावयाचे की जीवशास्त्र? डॉक्टर व्हावयाचे त्याने गणिताचा निरोप घ्यावा, इंजिनियर व्हावयाचे त्याने जीवशास्त्राचा. काही मुले दोन्ही विषय घेतात, पण तीही पुष्कळदा एक दार बंद झाले तर दुसरे उघडे असावे म्हणून. रिसोड असो, वाशीम असो, अकोला असो, रीत हीच. सोळाव्या वर्षी घेतलेला हा निर्णय मग जन्माची गाठ समजला जातो. आणि पुढे कोणी वाट बदलली तर पहिली वाट त्यास जमली नाही, असाच अर्थ घरचे आणि शेजारचे लावतात. ज्या कार्याचे परीक्षण आम्ही केले, ते या समजुतीस दिलेले उत्तर आहे. पदार्थविज्ञान मागे टाकून कोणी जीवशास्त्रात आले, असे येथे घडलेले नाही. भोवतालासह वस्तू पाहण्याची दृष्टी, फाशांचा हिशेब, वगळण्याचा विवेक, ही सारी पदार्थविज्ञानाची शिदोरी बरोबर आली, म्हणूनच मेंदूच्या सांध्यास कोणी न विचारलेला प्रश्न विचारता आला. आयसरच्या अभ्यासक्रमाची आखणी झाली तेव्हा पहिली दोन वर्षे विद्यार्थ्याने पदार्थविज्ञान, रसायन, गणित आणि जीवशास्त्र हे चारही विषय शिकावेत, अशी योजना ठेवण्यात आली, ती याच विचाराने; तो विचार आपल्या घरांतही यावा.

याचा अर्थ प्रत्येक मुलाने वाटा बदलीत राहावे, असा मुळीच नव्हे. एक विद्या पक्की केल्यावाचून दुसरीत शिरणारा दोन्हीकडे पाहुणाच राहतो. २००३ चा निबंध पदार्थविज्ञानाच्या नियतकालिकाने स्वीकारला आणि २०२१ चा जीवशास्त्राच्या. हा प्रवास अठरा वर्षांचा आहे. मधल्या काळात एका सांध्याचा ध्यास सुटलेला दिसत नाही. विषयांच्या सीमा ओलांडणाऱ्यास एकनिष्ठपणा अधिक लागतो, उणा नव्हे. ज्या घरात अशा निवडीचा प्रसंग येईल, त्या घरच्या वडील माणसांनी निर्णयापूर्वी या निबंधांपैकी निदान एकाचा सारांश मुलासह बसून वाचावा, एवढीच आमची सूचना आहे. समीकरणे कळली नाहीत तरी चालेल. प्रश्न कसा विचारावा हे कळले, तरी त्या दिवसाचे वाचन सार्थकी लागले असे आम्ही समजू.